मनातलं सांगायचं कसं: ‘नाही’ला जागा ठेवून

मनातलं सांगायला तीन मिनिटं पुरतात. खरं काम असतं त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. बेळगावच्या कॉलेजात काय किंवा खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या गावात काय, सगळी ताकद त्या एका वाक्यावर खर्च होते: कुठल्या दिवशी बोलू, काय घालून जाऊ, गुलाब नेऊ का चॉकलेट. समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर ते त्याला किती अवघड जाईल, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच येत नाही. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका प्रश्नावर तपासून सांगितलंय. ज्याला सहज नाही म्हणता येतं त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते. भिडेखातर दिलेला होकार दोन महिन्यांत उसवतो, आणि आपल्याकडे भीड फार. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा ‘बघूया की’ म्हणून वेळ मारून न्यायची इथली रीतच आहे.

आधी स्वतःला तपासा

एक वही घ्या आणि त्या व्यक्तीबद्दल तुम्हाला माहीत असलेल्या दहा गोष्टी लिहा. दिसणं, कपडे, आवाज, गाडी, आणि इन्स्टाग्रामवरून कळलेलं काहीही धरायचं नाही. ‘गर्दीच्या बसमध्ये मळमळतं म्हणून पंधरा मिनिटं आधी येऊन खिडकी धरते’, ‘चिडला की दोन दिवस गप्प असतो, मग स्वतःच बोलायला येतो’, ‘आईशी कानडीत आणि आजीशी मराठीत बोलते’ अशा गोष्टी चालतील. दहा सहज झाल्या तर पुढे चला. पाच-सहावर गाडी अडली, तर तुम्हाला आवडतंय ते माणूस तुमच्या डोक्यात तयार झालेलं आहे. खऱ्या माणसाशी ओळख व्हायची आहे अजून. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त सांगायची वेळ आलेली नाही एवढंच.

यादीत निदान दोन गोष्टी न आवडणाऱ्याही असाव्यात. एकही सापडत नसेल तर महिनाभर थांबा.

छाती धडधडते म्हणजे प्रेमच, असंही नाही. डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळ केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीने गाठलं, काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. दुसरीकडे कमी उंचीच्या भक्कम पुलावरही तेच केलं. झुलत्या पुलावरच्यांपैकी नंतर फोन करणारे बरेच जास्त निघाले. पुलाच्या भीतीने वाढलेले ठोके त्यांनी त्या मुलीच्या खात्यावर मांडले, असा त्याचा अर्थ लावला गेला. गोकाकच्या धबधब्याजवळचा झुलता पूल ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतली रात्र, गॅदरिंगच्या नाचाची तालीम, ट्रेकला पावसात भिजणं, या सगळ्यांत अंगात जो जोर चढतो तो आपण जवळच्या माणसाच्या नावावर टाकतो. म्हणून अशा प्रसंगानंतर निदान तीन आठवडे काही बोलू नये. त्या तीन आठवड्यांत कंटाळवाण्या ठिकाणी भेट होते का पाहा: झेरॉक्सच्या रांगेत, बसस्टॉपवर, लायब्ररीत. तिथेही त्या माणसाजवळ थांबावंसं वाटलं, तर वाटतंय त्यात तथ्य आहे.

दोन ठिकाणी विषयच काढायचा नाही. समोरची व्यक्ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर. तिथे कायद्याने तिची संमती धरलीच जात नाही (मुलांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा, 2012) आणि ‘तिचीही इच्छा होती’ हे उत्तर चालत नाही. आणि जिचा पगार, मार्क किंवा राहतं घर तुमच्या हातात आहे तिलाही नाही. क्लास घेणारे सर, दुकानाचा मालक, सुपरवायझर, खोलीमालकाचा मुलगा, यांना समोरून स्पष्ट नकार मिळणं जवळजवळ अशक्य असतं. तो संबंध आधी संपू द्या, मग काय ते.

थोडं द्यायचं, थांबायचं

मन मोकळं करणं म्हणजे एका रात्री एक वाजता लहानपणापासूनचं सगळं व्हॉट्सॲपवर ओतणं नव्हे. या भागात सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच बिघडतात. मुलगा चाळीस मेसेज टाकतो, त्यात वडिलांची दारू, फसलेली भरती, आधीची एक मुलगी, सगळं येतं. समोरची दयाळू असते म्हणून ऐकून घेते, धीर देते. मुलाला वाटतं जवळीक झाली. तिच्या बाजूने पाहिलं तर तिच्या डोक्यावर एक ओझं आलेलं असतं, आणि आता नाही म्हटलं तर हा काहीतरी करून घेईल अशी भीतीही. म्हणजे नकाराची वाट पहिल्याच रात्री बंद झाली.

आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी जोड्यांना 36 प्रश्न दिले होते. तीन गट, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा खोल, एकूण साधारण पाऊण तास. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यात महत्त्वाची गोष्ट प्रश्नांची यादी नव्हती. दोघांनी आळीपाळीने उत्तर द्यायचं होतं आणि खोली हळूहळू वाढत होती. ते प्रश्न पाठ करून कुणावर वापरायला जाऊ नका, नोकरीच्या मुलाखतीसारखं वाटतं. आळीपाळी आणि पायरी, एवढंच उचला.

पहिली पायरी आवडीनिवडीची, दुसरी सध्याच्या काळजीची, तिसरी भीतीची किंवा लाजेची. वरच्या पायरीवरची एक गोष्ट तुम्ही सांगायची आणि थांबायचं. समोरून तेवढ्याच वजनाचं काही आलं तर पुढच्या वेळी अर्धी पायरी वर. दोनदा काही आलं नाही तर त्याच पायरीवर राहायचं, आणि ‘तू काही सांगतच नाहीस’ असं टोचायचं नाही. एका पायरीला दोन-तीन आठवडे लागतील असं धरा.

सेंट्रल बसस्टँडवर खानापूरच्या बसची वाट बघत दोघं उभी आहेत असं समजा. मुलगा विचारतो:

‘निकाल लागला काय?’

‘लागला की. दोन मार्कांनी गेलं. घरात अजून सांगितलो नाही मी.’

मुलीने इथे दुसरी पायरी चढली आहे. यावर ‘सोड की, परत दे’ म्हणणं म्हणजे दार लोटणं. ‘तुला काय माहीत, माझं तर...’ म्हणून स्वतःची अर्ध्या तासाची कहाणी सुरू करणं त्याहून वाईट. चालण्यासारखं उत्तर असं:

‘मीबी बँकेची परीक्षा उडाली ते तीन महिने लपवून ठेवलो होतो. कोणाला सांगायचं भ्या वाटतंय, बाबांना?’

तेवढ्याच वजनाचं एक वाक्य स्वतःचं, मग एक प्रश्न तिचा. नंतर बस येईपर्यंत ऐकायचं.

समोरच्याचा कल

हसणं, स्टेटसला बदाम टाकणं, नोट्स देणं, बस चुकली म्हणून गाडीवर बसणं, वाढदिवसाला मोठा मेसेज लिहिणं, यातलं काहीही धरू नका. चांगल्या घरातली माणसं सगळ्यांशीच असं वागतात. खुणा म्हणून मोजायच्या त्या वेगळ्या. गेल्या महिन्यात दहा वेळा बोलणं झालं असेल तर सुरुवात कोणी केली? सात-आठ वेळा तुम्हीच केली असेल तर अजून काही नाही. चार-पाच वेळा समोरून झाली असेल, तुम्ही मागे सांगितलेलं लक्षात ठेवून पुढचं विचारलं जात असेल, आणि काम नसताना वेळ काढला जात असेल, तर बोलायला हरकत नाही. बोलायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. होकार नव्हे.

मित्रांना अंदाज विचारू नका. मित्र नेहमी ‘शंभर टक्के आहे रे’ म्हणतात, त्यांना तमाशा बघायचा असतो.

जागा आणि वेळ

जागेला तीन अटी: चार लोक दिसतील, पण बोलणं ऐकू जाणार नाही, आणि समोरच्याला कधीही स्वतःच्या पायाने निघून जाता येईल. तिसरी अट सगळ्यात जास्त मोडली जाते. शहराबाहेर राजहंसगडावर किंवा जांबोटीच्या रस्त्याला तुमच्याच गाडीवर नेऊन विचारलं, तर ती नाही म्हणून परत जाणार कशी? तुमच्याच मागे बसून? त्या पंचवीस मिनिटांच्या भीतीपोटी ती ‘बघूया’ म्हणते, आणि तुम्ही ते अर्धा होकार धरून चालता. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडं, कॉलेजचा मोकळा कट्टा, कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल ही बरी ठिकाणं. किल्ला तलाव देखणा आहे, पण तिथे संध्याकाळी निम्म्या गल्लीची ओळखीची माणसं फिरायला असतात. तिच्या घराची गल्ली, तिची नोकरीची जागा आणि कोणाचीही रिकामी खोली, ही तिन्ही बाद.

वेळ उजेडाची, दुपारी चार ते साडेपाच बरी. शेवटच्या बसच्या आधी निदान दोन बस शिल्लक असाव्यात. बोलल्यावर तासभर एकटं राहायला मिळेल असा दिवस निवडा, पेपरच्या आदला दिवस किंवा घरात पाहुणे भरलेले असताना नको. गावात लक्ष्मीची यात्रा असेल तर तो पंधरवडा सोडून द्या, कुणालाच शांत डोकं नसतं. 14 फेब्रुवारीही नको: त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा असतात आणि नकार देणाऱ्याला उगीच खलनायक व्हावं लागतं. 1 नोव्हेंबर तर अजिबात नको. शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी. रस्ते बंद, घरचे फोनवर फोन, आणि समोरची व्यक्ती कानडी घरातली असेल तर तुमच्या वाक्याला नको तो संदर्भ चिकटतो.

खेड्यात गणित वेगळं आहे. पोरगा-पोरगी स्टँडवर दहा मिनिटं बोलत उभी राहिली तर बस पोचायच्या आत बातमी घरी पोचते. पोराला त्यापोटी चार शिव्या बसतात. पोरीचं कॉलेज बंद होतं. दोघांची जोखीम सारखी नाही हे पोरांनी नीट समजून घ्यावं आणि जागा नेहमी तिला निवडू द्यावी. ती एरवीही तालुक्याला जातेच अशा दिवशी, तिथेच बोलावं. मुद्दाम बोलावून घेऊ नये. ते जमत नसेल तर फोन चालतो. आधी एवढाच मेसेज: ‘पाच मिनिटं बोलायचं होतं, तुला मोकळं कधी असेल?’ लिहूनच सांगायचं असेल तर लक्षात ठेवा, अनेक घरांत फोन भावाच्या किंवा वहिनीच्या हातातही असतो. दिवसा पाठवा, चार-पाच ओळींत, आणि तिसऱ्याने वाचला तरी तिला मान खाली घालावी लागणार नाही असा.

भेटवस्तू काही नेऊ नका. पाव किलो कुंद्याचा, म्हणजे इथल्या मिठाईचा, बॉक्स निरुपद्रवी वाटतो, पण तो घरी गेला की ‘कुणी दिला?’ हा प्रश्न येणारच, आणि खोटं बोलायची पहिली वेळ तुम्ही तिच्यावर आणलेली असते.

काय बोलायचं

चार भाग, सगळे मिळून पन्नासेक शब्द. आधी किती वेळ लागेल ते सांगा, मग तुमच्या मनातलं, मग एक ठोस कारण, आणि शेवटी बाहेर पडायची वाट. उदाहरणार्थ:

‘तुला एक सांगायचं आहे, दोनच मिनिटं. मला तू आवडतीस, मैत्रिणीपेक्षा जास्त. आजी आजारी होती तेव्हा तू घर कसं सांभाळलीस ते बघितलो, तेव्हापासनं हे मनात आहे. तुझ्या मनात तसं नसलं तर सरळ नाही म्हण, मी परत हा विषय काढणार न्हाई आणि आपलं बोलणं आहे तसंच राहील. आज उत्तर नको.’

शेवटची दोन वाक्यं गाळली तर बाकीचं नुसतं दडपण. पण ती नुसती म्हणून भागत नाही. परत विषय काढणार नाही म्हणालात तर खरंच काढायचा नाही. एवढं पाळता येणार नसेल तर अजून थांबा.

‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’, ‘तीन वर्षं झाली, तुला कळलंच नाही का’, ‘माझ्या सगळ्या मित्रांना माहीत आहे’ ही तीन वाक्यं सगळ्यात जास्त वापरली जातात आणि तिन्ही घातक. पहिल्यात धमकी आहे, दुसऱ्यात थकबाकी, तिसऱ्यात बदनामी. मैत्रिणीकडून निरोप, धाकट्या भावाच्या हातून चिठ्ठी, गॅदरिंगच्या स्टेजवरून माईकवर, गुडघ्यावर बसून मित्रांच्या व्हिडिओसमोर, हे सगळं त्याच जातीचं. चारचौघांत विचारलं की नाही म्हणणाऱ्याला चारचौघांना तोंड द्यावं लागतं.

बोलून झालं की गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात आणि घाबरून लोक पुन्हा बोलायला लागतात, समजावतात, हात धरतात. हात धरू नये.

मुलगी आधी बोलणार असेल तर वरचं सगळं तसंच लागू आहे, पण एक तपासणी जास्तीची. तो दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगतो का? मित्राची भानगड तो तुमच्याकडे रंगवून सांगत असेल तर तुमची गोष्ट उद्या कट्ट्यावर असणार. अशा मुलाला काही सांगू नका, कितीही आवडत असला तरी. मुलाचं मुलावर किंवा मुलीचं मुलीवर मन असेल तर हीच कसोटी दुपटीने कडक लावा. 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधलं असं नातं गुन्हा नाही, पण गावात फुटलेली बातमी कुठल्याही कोर्टाला परत गोळा करता येत नाही. तिथे थेट ‘तू आवडतोस’ म्हणण्याआधी अशा नात्यांबद्दल सहज विषय काढून तो काय बोलतो ते दोन-तीनदा ऐकावं.

घर कानडी असेल तर

बेळगावात निम्म्या मैत्र्या दोन भाषांच्या सीमेवरच जुळतात, त्यामुळे हे वेगळं सांगायला हवं. मराठी तिला येतच असेल. तरी एक वाक्य तिच्या घरच्या भाषेत बोललात तर ते दुसरीकडे लागतं. पुस्तकी कानडी नको, हसू येतं. इकडचं साधं: ‘ननग नी अंद्र भाळ इष्ट.’ म्हणजे मला तू फार आवडतेस. उत्तर ओळखायला शिका. ‘विचार माडि हेळतीनि’ हे विचार करून सांगते, त्याला वेळ द्या. ‘ब्याड’ म्हणजे नको, आणि तो नकोच, त्यात लाडिक काही शोधू नका. ‘नोडूण’ हे आपल्या ‘बघूया’चंच भावंड. शब्द येत नसतील तर उगीच घोटू नका, चुकीच्या जागी ‘नी’ (तू) आणि ‘नीवु’ची (तुम्ही) गल्लत झाली की सगळा सूर बिघडतो. एक वाक्य नीट, बाकी मराठीत.

उत्तर आल्यावर

स्पष्ट हो म्हणजे हो. बाकी सगळं, म्हणजे ‘बघूया की’, नुसतं हसणं, ‘तू चांगला आहेस पण...’, ‘घरात कळलं तर मारतील’, ‘मी तुला भाऊ मानतो’, मेसेज वाचून आठ दिवस शांतता, हा नकारच समजून चालायचं. ‘घरात मारतील’ यात लोक हटकून फसतात, कारण त्यात ‘माझी इच्छा आहे पण’ असं ऐकू येतं. कधी ते खरंही असतं. पण ते खरं असेल तर तीच पुढे येऊन सांगेल. तुम्ही घरच्यांची अडचण सोडवायला निघालात तर तिची सुटायची शेवटची वाट बंद करताय.

‘विचार करून सांगतो’ आलं तर आठ दिवस ते दोन आठवडे. त्यानंतर एकदाच विचारायचं: ‘त्या दिवशीच्या बोलण्याचं काही ठरलं काय? नसेल तर नकार धरतो, काळजी नको.’ उत्तर आलं नाही तर विषय संपला. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

नकार आला की त्या जागी एवढंच म्हणा: ‘बरं. सरळ सांगितलीस ते चांगलं केलीस.’ आणि पाच मिनिटांत काहीतरी निमित्त करून निघा. लगेच निघालात तर रुसल्यासारखं दिसतं, अर्धा तास थांबलात तर समजूत काढायचं काम तिच्यावर पडतं. त्या संध्याकाळी दारू नको, दुःखी स्टेटस नको, ‘सॉरी हं, विसरून जा’ असा रात्रीचा मेसेज नको. एका विश्वासाच्या माणसाला सांगा, एकालाच. महिनाभर स्टेटस आणि फोटो म्यूट करा. ब्लॉक करायची गरज नाही, ब्लॉकची चर्चा होते. एकाच वर्गात किंवा ऑफिसात असाल तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं ‘काय, आलीस?’ म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पहिले दहा दिवस घशात अडकतं, मग सवय होते.

‘आपण मित्र राहू’ हे दोघांनाही खरंच हवं असेल तर ठीक. आशा धरून मित्र राहणं ही मात्र स्वतःचीच फसवणूक आहे, आणि तिला दुसरा कोणी आवडला त्या दिवशी ती उघडी पडते. मित्राला मध्यस्थीला पाठवणं, तिच्या बसच्या मागे गाडी घालणं, नवीन नंबरवरून मेसेज करणं, याला प्रेमाची चिकाटी म्हणत नाहीत. मुलीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मुलीला त्रास होत असेल तर 112 किंवा महिला हेल्पलाइन 181.

नकारानंतर आठ-दहा दिवस झोप आणि भूक बिघडणं नेहमीचं. दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलीच असेल किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि कानडीत दोन्हीत बोलता येतं.

होकार आला तर पहिले तीन महिने

इथे वेग हाच शत्रू. रोज तासन्‌तास फोन, पासवर्ड एकमेकांना, ‘कुठं आहेस, लोकेशन टाक’, हे प्रेम दाखवायचे मार्ग म्हणून सुरू होतात आणि तीन महिन्यांत पहारा होऊन बसतात. पासवर्ड देऊ-घेऊ नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास असा काढा की एकजण दहा-पंधरा मिनिटं बोलेल आणि दुसरा मध्ये सल्ला देणार नाही, मग उलट. आधी विचारून घ्या, नुसतं ऐकू का काही सुचवू. भांडण मेसेजवर चालवू नका: सूर कळत नाही आणि स्क्रीनशॉट राहतात. खाजगी फोटो मागायचे नाहीत, मागितले तर द्यायचे नाहीत.

दोन घरांच्या भाषा, जाती किंवा जेवण वेगळं असेल तर तिसऱ्या महिन्याच्या आत काही रुक्ष प्रश्न मांडीवर घ्या. घरात कुठली भाषा बोलायची? मुलं मराठी शाळेत, कानडी शाळेत का इंग्रजी? एका घरी रविवारी मटण आणि दुसऱ्या घरी अंड्यालाही बंदी, तर स्वयंपाकघर एक का दोन? सीमाप्रश्नावर दोन्ही घरं उलट बाजूला असतील तर जेवताना कोण गप्प बसणार? जोडपी हे सगळं ‘लग्नानंतर बघू’ म्हणून ढकलतात, आणि लग्नानंतर ते सासूच्या तोंडून येतं. सगळी उत्तरं जुळायला नकोत. कुठे जुळत नाहीत ते दोघांना आधी माहीत असलं की भागतं. मराठा घरांत देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) आणि भावकीचं आधीच बघून ठेवा. नात्याने भावंडं निघाली तर घरचे ऐकून घेणारच नाहीत, आणि ते कळायला दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

घरी सांगताना थेट वडिलांकडे जाऊ नका. प्रत्येक घरात एक आत्या, मामी नाहीतर थोरली वहिनी असते जिचं वडील ऐकतात. तिच्याकडे आधी, एकट्याने, आणि नोकरी-पगाराची माहिती हातात घेऊन. ‘आमचं ठरलंय’ म्हणण्याऐवजी ‘मला असं वाटतंय, तू काय म्हणतीस?’ असं विचारलं की ती वकील होते. नाहीतर न्यायाधीश होते.

धर्म वेगळे असतील, किंवा विधींशिवाय नोंदणी करायची असेल, तर विशेष विवाह कायदा, 1954. मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण. दोघांपैकी एकजण निदान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे घेऊन. नोटीस ऑफिसच्या फलकावर लागते, 30 दिवसांत कुणाचा कायदेशीर आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. सीमेवर एक गोष्ट हमखास विसरली जाते. एकजण चंदगडचा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला आणि नोटीस बेळगावात दिली, तर तिची प्रत त्याच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही जाते आणि तिथेही फलकावर लागते. त्यामुळे ‘तिकडं कोणाला कळणार नाही’ हा हिशेब चुकतो, आणि आत्याला किंवा मामीला सांगायचं असेल तर ते नोटीस द्यायच्या आधीच सांगून घ्यावं. नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.